रविवारी चौकट सोडणारा दरवाजा

मी एक जुना दरवाजा आहे. पाच उभ्या फळ्या, दोन आडव्या पट्ट्या आणि एक लाकडी खिटी, एवढाच माझा संसार. माझ्या अंगावर रंग कधी चढला नाही, नक्षी तर दूरच. तरीही मित्रांनो, नेब्रास्काच्या माळावर कोरड्या ओढ्याच्या काठी जी पहिली दहा-बारा घरं उभी राहिली, त्या सगळ्यांची सुट्टीची दुपार माझ्यावाचून होत नसे. त्या दुपारी मी खूप हसणं ऐकलं, आणि माणसांनी माणसांना मारलेलंही पाहिलं. दोन्ही सांगतो.

दरवाजा होण्याआधी मी एका घोडागाडीचा तळ होतो. बोहुमिल क्रेयची आणि त्याची बायको अनेझ्का त्या गाडीतून इथं आली. दोघं बोहेमियाची. तिकडे बोहुमिल सुतारकाम करायचा. सरकारनं माळावरची एकशेसाठ एकर जमीन त्याच्या नावावर नोंदवली, पाच वर्षं तिथं राहिला तर ती कायमची त्याची होणार होती, पण त्या जमिनीवर एकही झाड नव्हतं. लाकडाशिवाय सुतार, अशी त्याची गत झाली. मग सगळ्यांनी केलं तेच त्यानंही केलं. नांगरानं गवताच्या मुळांसकट मातीच्या जाड विटा कापल्या आणि त्या रचून घर उभं केलं. घर झालं, दाराची जागा मोकळी राहिली. तेव्हा त्यानं गाडी मोडली.

करवतीचा पहिला दात अंगात घुसला तेव्हा मला वाटलं, संपलं आता. बोहुमिल मात्र हळू हातानं कापत होता. खिळे मारताना मला उभं धरायला शेजारचा कॉर्नेलियस डन आला होता. सगळे त्याला कॉर्नी म्हणत. आयर्लंडचा, तांबड्या दाढीचा, खांद्यानं रुंद माणूस.

"दरवाजा झकास झालाय, बोहुमिल," तो म्हणाला. "आता याच्याभोवती बरं घरही बांधून टाक."

"आधी तुझ्या घराला लावलेली ती घोंगडी काढ, मग बोल," बोहुमिल म्हणाला.

हे खरं होतं. कॉर्नीच्या दाराला घोंगडी होती. जर्मन गॉटलीबच्या दाराला बैलाचं कातडं होतं. सगळ्या खोऱ्यात सपाट, सलग लाकूड म्हणजे फक्त मी. बोहुमिलनं माझ्या बिजागऱ्या अशा केल्या होत्या की दोन खुंट्या ओढल्या की मी चौकटीतून सुटायचो. का, ते पहिल्याच रविवारी कळलं.

दुपारी शेजारी जमले. मला दोन पिंपांवर आडवा टाकला आणि माझं टेबल झालं. अनेझ्कानं आलुबुखाराच्या मुरंब्याचे गोल पाव ठेवले. कॉर्नीची बायको होनोरा उकडलेल्या बटाट्यांचं पातेलं घेऊन आली. भाजलेल्या जवाची कॉफी उकळत होती. जेवण झालं, मला पुसलं आणि जमिनीवर ठेवलं. आता मी नाचायची जागा झालो. मातीवर पाय वाजत नाहीत, माझ्यावर वाजायचे. एका वेळी एकानंच नाचायचं, बाकीच्यांनी टाळ्या वाजवायच्या. कॉर्नी हात शरीराला चिकटवून उभा राहायचा आणि फक्त त्याचे पाय नाचायचे. त्याच्या बुटांचे खिळे माझ्या अंगात टोचत. मला त्याचं काही वाटत नसे. आठवडाभर एकेकटी राहणारी ती माणसं, कुणाशी बोलायला मिळत नाही म्हणून बैलांशी बोलणारी. त्यांच्या तोंडावर हसू यायचं ते माझ्या फळ्यांवर. गॉटलीब एकदा म्हणाला होता, "कोरड्या ओढ्याचं नाचघर ते हे, एक मीटर रुंद." मला फार अभिमान वाटला.

नाच झाला की कुस्ती. ती खेळ म्हणूनच व्हायची, पण मी तुमच्यापासून लपवणार नाही, तिच्यात खेळ थोडा आणि राग फार असायचा. आठवडाभर माळाशी, वाऱ्याशी, गारपिटीशी झगडून माणसं थकत. वाऱ्याला ठोसा मारता येत नाही. मग रविवारी समोर शेजारी सापडे. नाकं फुटत, दात पडत. एका नॉर्वेच्या माणसाचा हात कोपरातून मोडला, तर त्याच्यासकट सगळे हसले. मलाच खाली घालून त्याला घरी पोचवला. वाटभर तो कण्हत होता आणि उचलणारे नाचाचं गाणं म्हणत होते.

कुस्तीत कॉर्नीला कुणी पाडू शकत नसे. मग एका रविवारी ईलाय प्रूट आला.

ईलाय दक्षिणेकडच्या मोठ्या मालकाच्या गुरांमागे घोड्यावर फिरायचा. तिशीचा, सडसडीत, कमी बोलणारा. घोड्याला पाणी मागायला थांबला आणि अनेझ्कानं त्याला पाव दिला. मग तो दर रविवारी यायला लागला. लोकांना ते फारसं रुचत नव्हतं. गुरांचे मालक आणि शेतकरी यांचं जमत नसे. त्यांची गुरं आमच्या मक्यात शिरत आणि आम्ही कुंपणाला लावलेल्या तारा कुणीतरी कापून जाई.

"तुझ्या मालकाला सांग, गुरांना वाचता येत असेल तर आम्ही पाटी लावतो," होनोरा त्याला म्हणाली.

"मी सांगतो, बाई," ईलाय म्हणाला. "पण तो माझ्यापेक्षा गुरांचं जास्त ऐकतो."

सगळे हसले. कॉर्नी हसला नाही. त्यानं सदरा काढला आणि ईलायला कुस्तीला बोलावलं. ईलायनं त्याला दोनदा पाडलं. दुसऱ्यांदा कॉर्नी तोंडावर पडला आणि त्याच्या दाढीत माती भरली. ईलायनं उठवायला हात पुढे केला, तो कॉर्नीनं घेतला नाही. एवढीच गोष्ट. पण त्या दिवसानंतर ईलाय असेल तेव्हा कॉर्नी माझ्यावर नाचला नाही.

मित्रांनो, आता सशांच्या रविवारचं सांगतो. ते सांगायला मला आवडत नाही.

चौथ्या वर्षी माळावर ससे इतके झाले की कोवळा मका उगवला की लगेच खाऊन टाकत. तेव्हा जानेवारीतल्या एका दुपारी सगळं खोरं सशांच्या शिकारीला जमलं. बंदुका नव्हत्या, दांडकी होती. सगळ्यांनी मैलभर लांबीची रांग धरायची, आरडाओरडा करत पुढे यायचं आणि ससे एका कुंपणात कोंडायचे. त्या कुंपणाचं फाटक मी होतो. बायकांनी खाऊ आणला होता, दारूची बाटली फिरत होती, नाचाच्या दिवसासारखेच सगळे खुशीत होते.

ससे आत आले आणि मला लावून घेतलं. मग माणसं आत उतरली.

ससा ओरडतो हे मला तोवर माहीत नव्हतं. तो तान्ह्या बाळासारखा ओरडतो. शेकडो ओरडत होते. पळायला वाट नाही म्हणून ते माझ्यावर उड्या मारत, आपटत, पुन्हा उडी मारत. दांडकी खाली येत होती. बरीच माझ्यावरही बसली. माझ्या फळ्यांच्या फटींतून रक्त खाली गळत होतं. माझ्यावर नाचलेल्या पायांची माणसं सशांमधून चालत होती आणि मोठमोठ्यानं आकडे सांगत होती. बोहुमिल कुंपणाबाहेर दांडकं धरून उभा होता. तो आत गेला नाही.

"काय हो क्रेयची, सशांची लग्नं लावायला आलात वाटतं," होनोरा म्हणाली आणि हशा पिकला.

संध्याकाळच्या आत मला घरी आणलं. अनेझ्कानं पाणी तापवलं, राख घेतली आणि मला घासायला लागली.

"मी आत उतरले होते," ती घासता घासता म्हणाली. "सात मारले."

"पिकासाठी मारायलाच हवे होते," बोहुमिल म्हणाला.

"पहिले तीन पिकासाठी मारले," ती म्हणाली. "पुढचे कशासाठी मारले ते मला कळत नाही. हात थांबेना."

मी तरी कोणत्या तोंडानं बोलू. मी कुणाला मारलं नाही, पण मी बंद राहिलो म्हणूनच ते मेले.

ती दांडकी पुढच्या हिवाळ्यासाठी बोहुमिलच्या घराच्या भिंतीला टेकवून ठेवली. घर मध्यावर होतं म्हणून. वसंत गेला, उन्हाळा गेला. त्या उन्हाळ्यात गुरांनी दोनदा मका तुडवला. गॉटलीबच्या तारा कापल्या गेल्या. रविवारी जेवताना बोलणं दुसऱ्या कशावर वळेना. बोहुमिल एकदा म्हणाला, "ईलायनं काय केलं त्यात?" तर गॉटलीब म्हणाला, "तो कुणाचा पगार खातो?"

ऑक्टोबरचा रविवार उजाडला. हवा कोरडी होती, वारा नावालाच होता. जेवणं झाली होती. मी पिंपांवर आडवा पडलो होतो. तेवढ्यात होनोरा उठून उभी राहिली.

"कॉर्नी," ती म्हणाली. "तो आपल्याकडचा धूर आहे."

पश्चिमेला काळा लोट उठला होता. पुरुष गाड्यांत बसून, घोड्यांवर, पायी, मिळेल तसे धावले. बायकांनी ताटं गोळा केली आणि मला पुन्हा चौकटीत बसवलं, कारण आग पसरली तर आत शिरून लावून घ्यायला दार हवं. आग पसरली नाही. कॉर्नीनं आपल्या आवाराभोवती नांगरून मोकळी पट्टी ठेवली होती. पण आतलं गवत गेलं, गोठा गेला. गोठ्यात त्याची घोडी होती. वर्षभराचं गवत आणि एकुलती घोडी. नांगराला जुंपायला आता त्याच्याकडे काही उरलं नव्हतं.

पुरुष परतायच्या आत ईलाय आला. बाह्या जळालेल्या, हात भाजलेले, तोंड काजळीनं काळं. हातात घोडीची नुसती दोरी होती.

"लांबून धूर दिसला," तो अनेझ्काला म्हणाला. "मी गोठ्यात शिरलो. दोरी सोडली पण ती बाहेर यायला तयार होईना. जळत्या जागेतून घोडी येत नाही. तशीच सोडून यावं लागलं."

"मग तिथंच का नाही थांबलात?"

"हाताला काही लावायला मिळेल म्हणून ओढ्यातून आडवाटेनं आलो. जवळचं घर हेच."

अनेझ्कानं त्याला बाहेर भिंतीलगतच्या बाकावर बसवलं आणि हातांना चरबी लावायला घेतली. मी उघडा होतो. मला समोरून माणसं येताना दिसली. ती भराभर चालत होती आणि एकही बोलत नव्हतं. कॉर्नीच्या हातात कुऱ्हाड होती. आग अडवताना खांब तोडायला घेतली होती, ती तशीच हातात राहिली होती.

त्यांनी ईलायच्या जळक्या बाह्या पाहिल्या, मांडीवरची दोरी पाहिली.

"माझ्या घोडीची दोरी आहे ती," कॉर्नी म्हणाला.

ईलाय उठला. "कॉर्नी, मी तिला बाहेर..."

पुढचे शब्द त्याला बोलता आले नाहीत. गॉटलीबनं भिंतीजवळचं दांडकं उचलून त्याच्या तोंडावर मारलं. जबडा मोडल्याचा आवाज मी ऐकला. कोरडी फळी मोडावी तसा. मग सगळ्यांनी दांडकी उचलली. त्यांना ती धरायची सवय झालेली होती. ते गोल करून उभे राहिले आणि मारू लागले. पाठीवर, बरगड्यांवर, डोक्यावर. आधी ईलाय हात वर करत होता, मग त्याला तेही जमेना. एक डोळा फुटला. कुणी शिव्या देत नव्हतं. फक्त दांडकी बसत होती आणि धापा ऐकू येत होत्या. बायकांपैकी दोघी ओरडत होत्या, "बस करा, बस करा." त्यांच्याकडे कुणी वळून पाहिलं नाही.

बोहुमिल गर्दीत शिरला. त्यानं कुणाला मारलं नाही. तो सरळ ईलायच्या अंगावर आडवा पडला. दोन-तीन दांडकी त्याच्या पाठीवर बसली आणि मारणारे क्षणभर थबकले, कारण हा माणूस त्यांचा होता. तेवढ्या वेळात त्यानं ईलायला काखेत धरून दाराशी ओढत आणलं. अनेझ्कानं आत शिरून ईलायची कॉलर पकडली, पाय उंबऱ्याला लावले आणि त्याला आत खेचलं.

"लाव," बोहुमिल म्हणाला.

"तू बाहेर आहेस."

"लाव दार, अनेझ्का."

तिनं मला लावलं. खिटी घातली आणि पाठ टेकवून उभी राहिली. बाहेरून बोहुमिलनं पाठ टेकवली. मला दोन्ही बाजूंनी दोन माणसांचे श्वास लागत होते.

"बाजूला हो," कॉर्नी म्हणाला.

"नाही होणार."

"माझी घोडी जळाली, बोहुमिल. उभी जळाली."

"मला कळतंय."

"तुला काही कळत नाही. तू सशालाही मारत नाहीस. बाजूला हो."

"आत माझी बायको आहे," बोहुमिल म्हणाला. "आणि एक मरायला टेकलेला माणूस आहे. तुला आत जायचं असेल तर मला आधी संपव. मी काही करणार नाही, नुसता उभा राहीन."

मागून कुणीतरी म्हणालं, "ओढा त्याला." गॉटलीबनं बोहुमिलचा खांदा धरला. बोहुमिल हलेना, म्हणून कॉर्नीनं आतली खिटी तोडायला माझ्या फळीवर कुऱ्हाड चालवली. माणसावर नाही, फळीवर. हे मी शपथेवर सांगतो, त्याची नजर फळीवर होती. पण त्याच क्षणी बोहुमिलचा डावा हात तिथं आला.

कुऱ्हाड माझ्यात दोन बोटं खोल रुतली. बोहुमिलच्या हाताची दोन बोटं खाली पडली.

कुऱ्हाड माझ्यातच होती आणि दांडा हलत होता. बोहुमिलनं हाताकडे पाहिलं, जणू तो दुसऱ्या कुणाचा आहे. गॉटलीबनं दांडकं सोडलं आणि चार पावलं मागे गेला. एकेक करून बाकीची दांडकी खाली पडली. कॉर्नी जमिनीवर बसला. होनोरानं आपला झगा टरकावला आणि बोहुमिलचा हात बांधायला लागली. बांधताना ती नवऱ्याकडे न बघता म्हणाली, "घरी जा, कॉर्नी. तोंड दाखवू नकोस."

त्यानंतर रविवार आला की मी चौकटीतच राहायचो. कुणी यायचं नाही. अनेझ्का कधी कधी खिडकीतून बघायची आणि पुन्हा कामाला लागायची. कोरड्या ओढ्यावर तो हिवाळा प्रत्येकानं आपापल्या मातीच्या घरात एकट्यानं काढला. नॉर्वेच्या माणसाची बायको तापानं गेली, तेव्हा तिला पुरायला तो आणि त्याचा भाऊ दोघंच होते. पूर्वी असं झालं असतं तर सगळं खोरं गेलं असतं.

ईलाय आमच्या घरात पडून होता. सहा आठवडे अनेझ्का त्याला चमच्यानं पेज पाजत होती. जबडा वाकडा जुळला. उजवा डोळा गेला. बोलता यायला लागल्यावर त्यानं पहिलं वाक्य हेच म्हटलं.

"गवत मी जाळलं नाही."

"माहीत आहे," अनेझ्का म्हणाली.

"कसं माहीत?"

तिनं वाटी खाली ठेवली. "खरं सांगू? माहीत नाही. पण ते काही माहीत नसताना मारायला आले. मग मी काही माहीत नसताना विश्वास ठेवला तर काय बिघडलं?"

ईलाय हसायला गेला आणि जबडा दुखला म्हणून कण्हला.

फेब्रुवारीत एका दुपारी बर्फातून कॉर्नी डन आला. मला वाजवलं नाही. उभा राहिला. आतून अनेझ्कानं विचारलं, "कोण?"

"मी कॉर्नी. उघडू नका, अनेझ्काबाई. बंद असतानाच सांगतो, उघडलं तर सांगता येणार नाही."

ती माझ्याजवळ येऊन उभी राहिली.

"राख मीच टाकली होती," तो म्हणाला. "त्या रविवारी सकाळी. चुलीतली. होनोरा म्हणाली, पाणी ओत तिच्यावर. मी म्हणालो, थंड आहे. गोठ्यामागं टाकून इकडे जेवायला आलो."

"कधी कळलं तुम्हाला?"

"दुसऱ्या दिवशी. बादली तिथंच होती."

"आज फेब्रुवारी आहे, डन."

"हो."

तिच्या हाताचा तळवा माझ्यावर होता. बाहेरून त्यानंही हात टेकवला होता, ते तिला ठाऊक नव्हतं, मला होतं.

"मग मला कशाला सांगताय?" ती म्हणाली. "ज्यांच्यादेखत मारलंत त्यांच्यादेखत सांगा."

त्यानं ते ऐकलं. घोडी नव्हती म्हणून पायी, बर्फातून, घरोघर गेला आणि पुढच्या रविवारी सगळ्यांना आमच्या अंगणात गोळा केलं. चार महिन्यांत पहिल्यांदा सगळे एकत्र आले. कुणी कुणाकडे बघत नव्हतं. कॉर्नीनं टोपी काढली आणि राखेचं सगळं सांगितलं. आवाज चढवला नाही, रडलाही नाही.

मला वाटलं, आता सगळ्यांना लाज वाटेल. तसं झालं नाही. गॉटलीब पुढे आला. त्याचा चेहरा लाल झाला होता.

"तू आमच्याकडून एका निरपराध माणसाला मारवलंस," तो म्हणाला, आणि त्यानं भिंतीजवळ तशाच पडून राहिलेल्या दांडक्यांतलं एक पुन्हा उचललं. त्याच्यामागे आणखी तिघांनी उचललं. तोच गोल पुन्हा व्हायला लागला. माणसं तीच, दांडकी तीच, फक्त मधला माणूस बदलला होता. कॉर्नी हलला नाही. मार खायला तयार होऊनच तो आला होता.

तेव्हा मी उघडलो. ईलाय बाहेर आला. काठी टेकत, एका डोळ्यानं वाट शोधत, गोलात शिरला. सगळ्यांनी त्याला जागा दिली. त्याचा हक्क पहिला, असं सगळ्यांना वाटलं असावं. त्यानं काठी टाकली आणि होती नव्हती तेवढी ताकद लावून कॉर्नीच्या तोंडावर ठोसा मारला. कॉर्नी कोसळला. दाढीतून रक्त आलं.

ईलाय धापा टाकत उभा राहिला.

"झालं," तो म्हणाला. "माझं त्याच्याशी होतं ते झालं. आता दुसऱ्या कुणी त्याला हात लावायचा नाही. तुमचंही माझ्याशी आहे, पण सगळ्यांना पुरेल एवढा दम माझ्यात नाही. ती दांडकी चुलीत घाला."

गॉटलीबनं दांडकं खाली केलं. अनेझ्का आतून आली, त्याच्या हातातून ते काढून घेतलं आणि चुलीकडे गेली. बाकीच्यांनी आपापली आणून दिली. त्या दिवशी कुणी नाचलं नाही, मी चौकटीतच होतो. पण कॉफी झाली आणि ती सगळ्यांनी प्यायली.

मार्चमध्ये बोहुमिलला एका हातानं नांगर धरता येईना. एका सकाळी कॉर्नी आला, बोहुमिलचे बैल जुंपले आणि नांगरायला लागला. विचारलं नाही, बोलला नाही. ईलाय मालकाची चाकरी सोडून इथंच राहिला होता. तो पुढून बैल धरायचा. दोघं चाळीस एकर असे नांगरत गेले. आठव्या दिवशी पहिला शब्द निघाला. ईलाय म्हणाला, "नांगराची रेघ वाकडी जातेय." कॉर्नी म्हणाला, "एका डोळ्यानं बघतोस म्हणून." मी श्वास रोखला. ईलाय हसला.

मे महिन्यात पाच वर्षं पूर्ण झाली. आता बोहुमिलला चाळीस मैलांवरच्या सरकारी कचेरीत जाऊन जमीन कायमची नावावर करून घ्यायची होती. त्यासाठी दोन शेजाऱ्यांनी शपथेवर सांगावं लागे की हा माणूस खरोखर इथं राहतो, घर आहे, घराला दार आहे. साक्षीदार नाही मिळाले तर पाच वर्षं पाण्यात. बोहुमिलनं कुणाला विचारलं नव्हतं. कुणाला विचारावं तेच त्याला कळत नव्हतं. निघायच्या सकाळी कॉर्नी आणि ईलाय आपणहून येऊन शेजाऱ्याकडून मागून आणलेल्या गाडीत बसले. एकाच फळीवर, शेजारी शेजारी.

परत आल्यावर बोहुमिलनं अनेझ्काला सगळं सांगितलं, म्हणून मला माहीत. कचेरीतल्या माणसानं विचारलं, "घराला दार आहे, हे तुम्ही स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलंय?"

"पाहिलंय," ईलाय म्हणाला. "मी आत होतो."

"आणि तुम्ही?"

"मीही पाहिलंय," कॉर्नी म्हणाला. "मी बाहेर होतो."

त्या माणसानं दोघांचं लिहून घेतलं आणि शिक्का मारला. त्याला त्यात काही विशेष वाटलं नाही.

पुढे लाकडाचं मोठं घर झालं, त्याला रंगीत दार आलं. मला कोंबड्यांच्या खुराड्याला लावलं. खूप वर्षं झाली. बोहुमिल गेला, अनेझ्का गेली, मला ओळखणारं कुणी उरलं नाही. माझ्या खालच्या फळीला वाळवी लागली आहे. पावसात मी फुगतो आणि लवकर उघडत नाही, म्हणून घरची मंडळी मला लाथ मारतात. त्यांच्यावर माझा राग नाही.

मित्रांनो, तुमच्या घरातही एखादं जुनं दार असेल. त्याच्या बिजागऱ्यांना कधीतरी तेल घाला, लाथ मारू नका. आणि आणखी एक मागतो. दार कुणाला वाचवतं असं तुम्हाला कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. मी सशांसाठी बंद झालो तेव्हा ससे मेले, ईलायसाठी बंद झालो तेव्हा ईलाय वाचला. लाकूड तेच होतं. फरक एवढाच की दुसऱ्या वेळी मला दोन माणसांनी पाठ टेकवली होती. उद्या तुमच्या अंगणात सगळे मिळून एकाला मारायला निघतील, आणि त्यात तुमचे लाडके शेजारीही असतील. तेव्हा मला तुमची पाठ हवी आहे.